रडण्याची तालीम

"खालचा ओठ जरा थरथरू दे," सुनंदाताई आपल्या धाकट्या भावाला म्हणाली. आरशासमोर बसलेल्या शार्दूलने ओठ हलवून पाहिला. याच आरशासमोर आईने त्याला लहानपणी हसायला शिकवलं होतं. परक्या माणसाने आपल्याकडे बघितलं की हसायचं, म्हणजे लोक घाबरत नाहीत.

मागच्या खेपेला दवाखान्यातल्या, मनाची तपासणी करणाऱ्या यंत्राला त्याने सरळ सांगितलं होतं, "मला जगावंसं वाटत नाही." यंत्राने चेहरा आणि आवाज तपासला. दोन्ही शांत. झोप उडाली होती, जेवण जात नव्हतं, आवडते जुने रेडिओ उघडून बसणंही थांबलं होतं. ते सगळं यंत्राने त्याच्या ऑटिझमवर ढकललं आणि हिरवा दिवा लावला. हिरवा दिवा लागलेल्या माणसाला डॉक्टर भेटत नाहीत.

आज दवाखान्यात त्याने तेच वाक्य ओठ थरथरवत म्हटलं. पुन्हा हिरवा.

"अरे, खरं सांगतोय तो!" ताई यंत्रावर ओरडली आणि ढसाढसा रडू लागली.

यंत्र तिच्याकडे वळलं. लाल दिवा लागला. नर्स धावत आली आणि तिने ताईला हाताला धरून उठवलं. "चला मॅडम, डॉक्टर लगेच बघतील तुम्हाला."

"मला नको, आधी याला बघा!"

नर्सने शार्दूलकडे बघितलं. शार्दूल हसला.

"हे तर मजेत आहेत," नर्स म्हणाली, आणि ताईला आत नेऊन तिने दार लावून घेतलं.