शेवटचा ओंडका

भिलाईच्या प्लांटमध्ये तीस वर्षं क्रेनला हातानं इशारे देऊन लोखंड उतरवणारे गुलाबराव आज जुनवानीच्या घरासमोरचा गुलमोहर उतरवून घेत होते. बोटं हलली की दोराला बांधलेली फांदी हळूहळू खाली यायची, मूठ आवळली की थांबायची. एकही कौल फुटलं नव्हतं. चैत्रात बायको म्हणाली होती, “खाटेवर आलेली फांदी तोडून टाका जी, मले भेव लागते.” त्यांनी वर पाहून वजनाचा अंदाज घेतला होता. “मले नोको शिकवू. आनखी वीस वर्स टिकते ते.” आठव्या दिवशी अचानक उठलेल्या वादळात फांदी कोसळली; खाटेवर बायको झोपली होती. आता शेवटचा ओंडका दोरावर लटकत होता. दोर धरणारा वैतागून म्हणाला, “काका, नीचे कोई नहीं, छोड़ दूँ?” खाली खाटेच्या चार पायांचे खळगे अजून होते. गुलाबरावांची आवळलेली मूठ काही उघडेना.