टिकाऊ वाण

"बाजूला सरक, अंगावर उडेल!" आई वरच्या पायरीवरून लेकीला ओरडून म्हणाली आणि तिने पहिला टोमॅटो सोडला.

तो खालच्या फरशीवर आपटला आणि तिथेच पसरला, बियांसकट.

"गेला!" शिंपीमास्तरांनी मशीन थांबवून निकाल दिला. त्यांचं दुकान जिन्याच्या तोंडाशीच होतं. ही परीक्षा ते वर्षानुवर्षं फुकटात बघत आले होते. पूर्वी वर बाबा उभे असत, एवढाच काय तो फरक.

बाबा पार्सल ऑफिसात खोकी बांधायचे. जन्मभर खोकी बांधणाऱ्या माणसाला जगात दोनच जाती दिसतात, टिकणारं आणि फुटणारं. गच्चीवरच्या कुंड्यांसाठीही त्यांनी हुडकून हुडकून एकच संकरित टोमॅटो आणला, लांबच्या प्रवासात टिकावा म्हणून काढलेला. ऊन, कीड, पाणी घालायचा विसर, कशालाच दाद न देणारा. जिन्यावरून टाकला की टण्णकन उडायचा, गडगडत मशीनखाली जायचा आणि शिंपीमास्तर तो पुसून वर पाठवायचे. चव मात्र भिजलेल्या पुठ्ठ्याची. साल एकदा दातात अडकली की दुपारपर्यंत सोबत करायची. आईने त्या टोमॅटोबद्दल कधी चांगला शब्द काढला नाही. "जावईसुद्धा ह्यांनी जिन्यावरून टाकूनच पसंत केला असता," असं मात्र चारचौघांत म्हणायची.

मग बाबा गेले, आणि बाजारात त्या बियाण्याचं पाकीट यायचंही बंद झालं. आईने त्यांच्या हातच्या शेवटच्या फळातलं बी धुतलं, वाळवलं आणि पेरलं. रोपवाटिकेवाल्याने सांगून पाहिलं होतं, "आजी, संकरित आहे हे. घरचं बी धरलंत तर पोरं आईबापावर जातीलच असा भरवसा नाही."

"कुणाची जातात?" आई म्हणाली होती.

शेवटी झालं तसंच. प्रत्येक कुंडीने आपलं आपलं डोकं चालवलं. एकीत लांबोडे, दुसरीत चपटे, तिसरीत नुसते गोट्यांएवढे, चौथीत गोल गरगरीत. प्रत्येकीतलं एकेक फळ ताटात घेऊन आई आज जिन्यावर उभी होती.

खाली लेक उभी होती, आईचे कपडे भरायला आणलेली मोठी पिशवी काखेत धरून. तिच्या घरी आईची खोली तयार होती, खिडकीला आईच्या आवडीचा हिरवा पडदाही लागला होता. पण आईची अट होती, "एक जरी ह्यांच्यासारखा निघाला, तर कुंड्या सोडून मी येणार नाही. नाही निघाला, तर आजच चल म्हण."

लांबोडा भिंतीवर आपटून फुटला.

"गेला!"

चपटा पायरीच्या कडेवर फुटला.

"हाही गेला! वहिनी, ही औलाद भाऊंची नव्हे!"

"तुम्ही तुमची बटणं बघा, मास्तर."

लेकीला हसू आलं. पिशवी तिने काखेतून हातात घेतली. आता ताटात एकच उरला होता.

आईने तो उचलला. लगेच टाकला नाही. कानाशी नेला आणि नखाने टिचकी मारून ऐकू लागली. अगदी बाबांसारखी, मान तिरकी करून, ओठ मुडपून. बाबा असं करत तेव्हा हीच आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय म्हणतोय? बरा आहे ना?"

ऐकता ऐकता आईने डोळे मिटले.

लेकीने शिंपीमास्तरांच्या दारातलं जाड पायपुसणं पायाने पुढे सरकवलं. मास्तरांनी ते पाहिलं, आणि त्यांना एकाएकी सुईत दोरा ओवायची घाई झाली.

धप्.

लेकीने टोमॅटो उचलला. पायाने पायपुसणं मागे सरकवलं, होतं तिथे.

"पास," मास्तर मान वर न करता म्हणाले.

आई कठडा धरत खाली आली. टोमॅटो हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिला. कुठे चीर नव्हती. तिने तिथेच उभ्या उभ्या त्याचा चावा घेतला. पातळ साल कधी फाटली कळलंही नाही. गोड रस हनुवटीवरून हातावर आला आणि कोपरापर्यंत ओघळला.

"कसा आहे?" लेकीने विचारलं.

आई बराच वेळ चघळत राहिली. मग दातात काही अडकलंय का, म्हणून जीभ फिरवून पाहिली. काही नव्हतं.

"अगदी तसाच," ती म्हणाली.

लेकीने रिकाम्या पिशवीची घडी घातली. मशीन पुन्हा सुरू झालं. आईने उरलेला अर्धा टोमॅटो तिच्या तळहातावर ठेवला.

"खा. पण बी गिळू नकोस, वाळवायचंय. आणि पुढच्या वर्षीही खाली तूच उभी राहा. पायपुसण्यासकट."