उशीवरचा क्रॉस

सकाळी दहा वाजता कॅप्टन लोझे यांची शवपेटी कबरीत उतरवण्यात आली. नोव्हेंबर १९५८. नव्या जर्मन सैन्यातल्या कोवळ्या शिपायांनी दोर सोडले, बिगुल वाजला. कबरीच्या कडेला वेंडेलिन कास्पर्स काळी मखमली उशी दोन्ही हातांवर धरून उभा होता. उशीवर कॅप्टनची पदकं टोचलेली होती आणि मधोमध युद्धातल्या शौर्याबद्दल मिळालेला, गळ्यात घालायचा नाइट्स क्रॉस.

"कास्पर्स, उशी सरळ धरा," कॅप्टनच्या विधवा पत्नी, लोझेबाई, हळूच म्हणाल्या.

क्रॉस नवा होता. जुन्यावरचं नाझी स्वस्तिक आता कायद्याने चालत नव्हतं. म्हणून कॅप्टनने गेल्या वर्षी स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं असलेला मागवून घेतला होता. जुना घरी खणात पडून होता.

मागे टोनी श्राम उभा होता, युद्धात वेंडेलिनसारखाच कॅप्टनच्या तुकडीतला. तो वेंडेलिनच्या कानाशी पुटपुटला, "थांबला बाबा एकदाचा म्हाताऱ्याचा घसा दुखायचा."

गळ्यात हा क्रॉस पडावा म्हणून जो अधिकारी हपापलेला असे, त्याचा घसा दुखतोय, असं शिपाई म्हणत.

"गप बस, टोनी."

"गप्पच आहे. तुझ्याकडूनच शिकलो."

लोक एकेक करून पुढे येत, मूठभर माती कबरीत टाकत, उशीपुढे मान झुकवत आणि लोझेबाईंचा हात हातात घेत. रांगेत ओटिलीकाकू होती. तिचा मुलगा लोरेन्झ युद्धात त्या पुलावर मारला गेला, जो राखल्याबद्दल कॅप्टनला हा क्रॉस मिळाला होता. शेजारच्या गावाहून ती बसने आली होती.

तिने वाकून उजव्या मुठीत माती घेतली. पण कबरीकडे न वळता ती उशीपुढे येऊन थांबली.

"चकचकीत केलाय की."

"नवा आहे, काकू."

"यात माझ्या पोराचाही वाटा आहे, असं कॅप्टनसाहेब म्हणायचे. दर नाताळला केक पाठवायचे." ती क्रॉसकडेच बघत होती. "वेंडेल, आता ते गेले. तुला कुणाची भीती नाही. पुन्हा एकदा विचारते. माघार घ्या, असा निरोप आला होता का रे?"

पुलावर तुकडीचा रेडिओ वेंडेलिनकडे होता. निरोप आला तेव्हा कॅप्टनने त्याच्या कानांवरचे हेडफोन स्वतःच्या हाताने काढले होते. 'तुला काही ऐकू आलेलं नाही, कास्पर्स.' पूल पहाटेपर्यंत राखला गेला. कॅप्टनला क्रॉस मिळाला, वेंडेलिनला रजा. त्या रजेत तो थेट ओटिलीकाकूच्या स्वयंपाकघरात गेला होता. तिने वाढलेलं सूप पीत त्याने सांगितलं होतं, निरोप आलाच नाही.

दोन्ही हात उशीखाली अडकलेले. ना तोंड झाकता येत होतं, ना तिचा हात धरता येत होता.

"आला होता," तो म्हणाला.

"कधी?"

"संध्याकाळी. लोरेन्झ तेव्हा पाव खात बसला होता, काकू."

रांग थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, जरा पुढे सरका की." उशीवरची पदकं एकमेकांवर बारीक वाजू लागली. लोझेबाईंनी मान वळवून पाहिलं.

ओटिलीकाकूने कबरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या मुठीकडे. लोझेबाईंपुढे ती क्षणभर थांबली. हात पुढे केला नाही. रांगेतून बाहेर पडून ती फाटकाकडे चालू लागली.

"काय म्हणाली ती?" लोझेबाईंनी विचारलं.

वेंडेलिनने उशी सरळ केली.

फाटकाबाहेर अकराची बस उभी होती. चढताना ओटिलीकाकूने दांडा डाव्या हाताने धरला. कंडक्टरने आधाराला हात दिला, तो तिने घेतला नाही. उजवी मूठ तशीच मिटलेली होती.