आईची सायकल

शालनताईंचं वजन एकशे बारा किलो होतं. दुकानातल्या तिन्ही नव्या बोलक्या यंत्रांनी त्या बसताच "आधी वजन कमी करा" असं सुनावलं होतं, म्हणून त्या अनघाच्या घरी तिच्या दिवंगत आईची व्यायामाची सायकल बघायला आल्या.

"आईही तुमच्याएवढीच होती," अनघा म्हणाली. "ही वापरणाऱ्याकडून शिकते. आईकडून शिकलेलं मी पुसून देते."

"आधी बसू तर दे, बाई."

चार मिनिटांत त्यांना धाप लागली. त्या ओशाळून उतरू लागल्या, तोच पॅडल हलकं झालं. सायकल म्हणाली, "दमलीस? दम खा. सायकल कुठं पळून चाललीय?"

आवाज यंत्राचा होता, बोलणं आईचं. दुखऱ्या गुडघ्यांनी पॅडल मारताना अकरा वर्षं आई स्वतःची अशी समजूत घालत होती. अनघाला आजवर वाटायचं, आईला हे सोपंच जातं.

शालनताई हसून पुन्हा पाय मारू लागल्या. "हिच्याशी माझं जमेल. पुसू नकोस."

सायकल द्यायचीच नाही, असं अनघाच्या ओठांवर आलं होतं. ती थोडा वेळ त्यांचे फिरते पाय बघत राहिली.

"गुरुवारी तेवढं सांभाळून घ्या," ती म्हणाली. "ही जरा हळू चालेल. आईचा उपास असायचा."