तीनच्या आत

बर्नाडेटनं चौथ्यांदा बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि गेम आपोआप बंद पडला. सव्वादोन वाजले होते. तीन वाजता याच गेमवर तिच्या ऑनलाइन क्लबची, बर्फावरच्या ट्रकांची अंतिम शर्यत होती, आणि तीनच्या ठोक्याला जो हजर नसेल तो हरला, असा क्लबचा नियम होता.

गेम काढून पुन्हा टाकून झाला होता. कॉम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला होता. तिचा नवरा ओरेस्ट पिरोगीचं, म्हणजे उकडायच्या करंज्यांचं, पीठ मळता मळता म्हणाला, यातलं कळणारा क्लबात एकच माणूस, हॉलिस ट्रँटर. बर्नाडेटनं ओठ घट्ट मिटले. हॉलिस कॅनडातल्या मॅनिटोबाचा, दोन वर्षांचा विजेता, आणि आजच्या शर्यतीत तिच्यासमोर तोच होता. ओरेस्टनं पिठाच्याच हातानं फोन लावून तिच्या कानाला धरला.

हॉलिसनं सगळं ऐकून घेतलं. "बाई, तुमचा ड्रायव्हर बिघडलाय."

"एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. गाडीला एक ओरखडा नाही. ड्रायव्हर कोणाला म्हणता?"

तो खो खो हसला. मग त्यानं समजावलं, की पडद्यावर चित्र उमटवणारं जे कार्ड असतं, ते चालवायच्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. काल रात्री अपडेटमध्ये नवा आला असणार आणि त्याचं या गेमशी जमत नसणार. जुन्यावर परत जायचं बटण त्यानं शोधायला लावलं. ते सापडलं, पण दाबलंच जाईना. तेव्हा त्यानं नवा ड्रायव्हर मुळापासून काढायला सांगितला आणि मागच्या महिन्यातला कुठून उतरवायचा ते एकेक अक्षर उच्चारून सांगितलं. मध्येच पडदा विझला. "पडदाच गेला!" बर्नाडेट फोनमध्ये ओरडली.

"हात लावू नका," हॉलिस म्हणाला. "येईल."

पडदा उजळला. तीनला चार मिनिटं असताना ट्रकचं इंजिन घुरघुरलं आणि ओरेस्टनं पिठाच्या हातांनी टाळी वाजवली.

बर्नाडेटला राहवलं नाही. गप्प बसला असतात तर कप तुमचाच होता, असं ती हॉलिसला म्हणाली.

"एकट्यानंच जिंकायचं तर पत्त्यांचा पेशन्स काय वाईट?"

शर्यत अकरा मिनिटं चालली. शेवटच्या वळणावर हॉलिसचा ट्रक घसरला आणि ती ट्रकच्या नाकाएवढ्या अंतरानं पुढे निघाली. फोन अजून चालूच होता.

"पुढच्या वर्षी माझं मशीन अडलं," हॉलिस म्हणाला, "तर फोन उचलाल ना?"

"उचलीन की. शर्यत संपल्यावर."

त्याचं हसू ओसरेपर्यंत तिनं फोन कानाशी धरून ठेवला. मग फ्रिजवरच्या यादीत त्याचा नंबर लिहिला, डॉक्टरांच्या खाली आणि प्लंबरच्या वर.