नक्षीखालचं नाव

"आली बघा आपली वेलिंग्टनवाली बाई!" सेलुवाइया ओरडली आणि गॅरेजमधल्या सगळ्या बायका हसत सुटल्या.

लोसालिने दारातच थबकली. फुसीआत्याला एकटं गाठायचं, पाय धरायचे आणि सगळं कबूल करून मोकळं व्हायचं, असं ठरवून ती आली होती. पण आज झाडाच्या सालीचं कापड रंगवायचा दिवस निघाला. लांबलचक फळीवर नक्षीचे साचे बांधलेले, त्यांवर कापड पसरलेलं, आणि दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेल्या बायका तपकिरी रंगाचे बोळे घासतायत. टोकाची जागा आत्याची. साचे तिचे, नक्षी तिची, हुकूमही तिचाच. आज मात्र ती जागा रिकामी होती. आत्या पार खाली, नवशिक्या पोरींच्या शेजारी बसून मुकाट खळ लावत होती.

लोसालिनेनं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. म्हणजे तिच्या चोरीचा बोभाटा इथवर पोचला होता तर.

घोळ सगळा तिनं वेबसाइटवर टाकलेल्या पोर्टफोलिओचा. कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं, "वेबसाइट उघडली की लोक पहिलं चित्र बघतात आणि तिथंच ठरवून टाकतात. सगळ्यात दमदार काम वर ठेव, खाली ठसठशीत नाव लिही." तिनं स्वतःची चित्रं वर ठेवून पाहिली, खाली ठेवून पाहिली. कशीही ठेवली तरी ती मिळमिळीतच दिसायची. शेवटी तिनं आत्याच्या कापडाचा फोटो चढवला. वादळाला छाती लावून उडणारे समुद्रपक्षी. कडेला बायकांचे हात दिसत होते, ते तिनं कापून टाकले. खाली लिहिलं, 'नक्षी : लोसालिने'. आणि वेलिंग्टनच्या एका कलाकेंद्रानं तिला वर्षभरासाठी बोलावलं, ते नेमकं त्या पक्ष्यांवर भुलून.

दुसऱ्या कुणाचं उचललं असतं तर इतकं लागलं नसतं. मामाची गाडी, मामाचं डुक्कर, भाचरं हक्कानं घेऊन जातात आणि मामा नुसता डोकं खाजवत बघतो. पण आत्या! टोंगन घरात, मग ते टोंगा बेटावरचं असो की इथलं न्यूझीलंडमधलं, आत्यापुढे कुणाचं काही चालत नाही. लोसालिनेचा बाप ऑकलंडच्या बंदरावर चार माणसांना दरडावतो, पण बहीण आली की आवाज खाली. भावाच्या घरातली कुठलीही वस्तू आत्यानं उचलावी, ती तिचीच. आत्याच्या वस्तूला मात्र भावाच्या पोरांनी बोटसुद्धा लावायचं नाही. आणि हिनं तर आत्याचा जीवच उचलून स्वतःच्या नावावर केला होता.

"अगं, आत ये की! लाजतेस काय नवरीसारखी?" सेलुवाइयानं तिला ओढून बसवलं. "माझ्या सुनेनं फोनवर दाखवलं तुझं ते. पहिल्यांदा मी अशी भडकले म्हणतेस! म्हटलं, कार्टीनं आत्याची नक्षी ढापली. आल्या आल्या सगळ्यांसमोर फुसीला जाब विचारला."

लोसालिनेनं बोळा उचलून घासायला घेतला. सेलुवाइयाचं चालूच होतं.

"तर फुसी मान खाली घालून सांगते कशी, 'नक्षी पोरीचीच आहे. तिच्या टेबलावर चित्र पडलं होतं, मला आवडलं, मी उचललं आणि साचा केला.' ऐकलंत का! आणि वाहवा कुणी घेतली? हिनं! बाकीच्या नक्ष्या तरी हिच्या की कुणाकुणाच्या घरातून उचललेल्या, देव जाणे!"

पुन्हा हशा पिकला. आत्याही हसली. त्या हसण्यानं लोसालिनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही, ते तसं नाही. मी..."

"लोसा," आत्या उठत म्हणाली, "खळ आटलीय. चल, पाणी आणू."

अंगणातल्या नळाशी लोसालिनेला रडू आवरेना. "आत्या, का खोटं बोललात तुम्ही? मी आत्ता आत जाते आणि सगळं खरं सांगते."

"सांग की. मग रविवारी तुझ्या बापानं कुठल्या तोंडानं चर्चमध्ये बसायचं?"

"पण तुमची जागा गेली! तुमचं नाव गेलं!"

आत्यानं बादली नळाखाली सरकवली. "मी तुझं घेतलं तर त्याला कुणी चोरी म्हणत नाही, पोरी. बायका चार दिवस चिडवतात, हसतात, पुन्हा जेवायला शेजारी बसवतात. तू माझं घेतलंस म्हटलं असतं, तर तुला या दारात कुणी उभं केलं नसतं." तिनं नळ सोडला. "तुझ्यासाठी एवढं एकच करता येण्यासारखं होतं. ते केलं."

"मी वेलिंग्टनला नाही जात. ते नावही काढून टाकते."

"आता काढलंस तर मी खोटी ठरेन."

लोसालिनेनं नळ बंद केला. क्षमा मागायला आली होती ती. आत्यानं गुन्हाच तिच्या हातून काढून घेतला होता, आता क्षमा मागायची तरी कशाची?

"ए लोसा!" आतून सेलुवाइयाची हाक आली. "टोकाची जागा रिकामी आहे. ये, बस तिथं. पुढच्या कापडावर काय नक्षी काढणार ते तरी सांग आम्हाला!"

लोसालिनेनं भेदरून आत्याकडे पाहिलं. आत्यानं भरलेली बादली उचलली.

"जा. आणि चांगली काढ. यापुढे मी काढलेलीसुद्धा तुझीच म्हणतील."