वाट्याची गोळी

अनंत घाडीगावकरांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं, चार घड्या उलगडल्या आणि दर्शनासमोर टेबलावर ठेवलं.

"ह्यात तुझा नाव आसा. तूच मा ही?"

दर्शनाने मान हलवली. भांडुपच्या त्या बिल्डिंगमध्ये दोघांची दारं समोरासमोर होती, आणि लहानपणापासून ती त्यांना काका म्हणत आली होती. मथळा तिला पाठ होता : 'कोलेस्टेरॉलचं जनुक बंद केलं, कॅन्सर थांबला.' तिने वार्ताहराला सांगितलं होतं ते एवढंच, की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतात आणि त्यावर वाढतात, पसरतात. त्यासाठी लागणारं एक जनुक तिच्या प्रयोगशाळेत बंद केलं, तर काचेच्या बशीतल्या पेशी मंदावल्या. मथळ्यात बशी आली नव्हती.

"माका एक सांग. कोलेस्टेरॉलची गोळी ता जनुक बंद करता मा?"

"जनुक नाही बंद करत. पण त्याच साखळीतलं एक काम अडवते. का हो?"

"मगे बरोबर." काकांचा चेहरा खुलला. "ह्या छापून इला तेवापासून जानकेक रोज एक देतंय. आता दोन देव काय, ता इचारूक इलंय."

दर्शनाने हातातला कप खाली ठेवला. जानकीकाकूंचा कॅन्सर दीड वर्षापूर्वी हाडांत गेला होता. मुलुंडच्या हॉस्पिटलने दिलेल्या गोळ्यांवर त्या बऱ्या चालल्या होत्या. गेल्या महिन्यापर्यंत मासळीला स्वतः बाजारात जायच्या.

"कोणी लिहून दिली ही गोळी?"

"कोणी कशाक लिवन देय? माजीच ती. हृदयाची." सात वर्षांपूर्वी काकांना स्टेंट बसवला होता, तेव्हापासून दवाखान्यातून महिन्याला तीस गोळ्या मिळायच्या. "तिका सांगितलंय, कॅल्शियमची आसा म्हणान."

"आणि तुम्ही कुठली घेता?"

काका खिडकीबाहेर बघू लागले. "माजा रक्त आता साफ आसा."

"अहो, मेडिकलमध्ये मिळते ती! निदान तिथून तरी आणायची."

"ती दुसऱ्या कंपनीची. ही माका लागू पडलेली. तिका लागू पडलेलीच व्हयी."

दर्शना ओरडणार होती. पण तिला आठवलं, काकू दोन आठवडे दारात दिसल्या नव्हत्या.

"काकू कशा आहेत?"

"मांडये दुखतत. खुर्चयेतसून उठाक येणा नाय. माका वाटला, रोग पायात उतारलो. म्हणान तर दोन..."

"लघवीचा रंग बदललाय का?"

"काळपट. कोऱ्या चायसारखो."

ती डॉक्टर नव्हती. पण काही औषधं एकमेकांशी भांडतात, एकामुळे दुसरं रक्तात साचत जातं आणि स्नायू झिजू लागतात, एवढं तिला माहीत होतं. तिने हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गोळ्यांची नावं विचारली, ती पुन्हा म्हणून घेतली आणि म्हणाल्या, "दोन्ही थांबवा. आणि त्यांना आत्ताच्या आत्ता घेऊन या."

जानकीकाकू कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. रिक्षा खाली उभी होती, त्यामुळे दर्शनाने आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. काका दाराशीच थांबले होते, हातात काकूंच्या चपला घेऊन.

"म्हंजे ह्या दुखणा गोळयेचा?" काकूंनी विचारलं. "रोगाचा नाय?"

"बहुतेक गोळीचं. रक्त तपासल्यावर कळेल."

काकूंनी डोळे मिटले. "आठ दिस मी मराची तयारी करतंय," त्या म्हणाल्या. "चेडवाक सासरसून बोलवन माजो सोन्याचो हारसुदा देवन झालो."

रिक्षा मुलुंडच्या रस्त्याला लागली. काकांनी विचारलं, "मगे तुझा ह्या संशोधन कशाक गो?"

"पुढच्यांसाठी, काका. दहा वर्षं लागतील, कदाचित जास्त. कदाचित त्यातून काही निघणारही नाही."

काकूंच्या मांडीवर फायलींची पिशवी होती. दुखतं तिथे. काकांनी ती उचलून स्वतःकडे घेतली.

स्नायूच झिजले होते आणि त्यांचा गाळ रक्तातून मूत्रपिंडांत उतरत होता. तीन दिवस सलाइन लावावं लागलं, पण मूत्रपिंडं वाचली. रोग जिथल्या तिथे होता, पायात उतरला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी काकांना सगळ्या वॉर्डासमोर झापलं आणि त्यांचाही कार्डिओग्राम काढायला लावला. काकूंची कॅन्सरची गोळी आठवडाभराने पुन्हा सुरू झाली. दर्शनाने वर्तमानपत्राला खुलाशाचं पत्र पाठवलं. ते छापून आलं नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी ती कामाला निघाली, तेव्हा समोरचं दार उघडं होतं. जानकीकाकू उभ्या होत्या, एक हात भिंतीवर टेकवून, पण स्वतःच्या पायांवर. दुसऱ्या तळहातावर काकांची हृदयाची गोळी होती.

"गिळा," त्या म्हणाल्या. "माज्यासमोर."

काकांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले.

"तोंड उघडा बगूया."

काकांनी तोंड उघडलं.

"जीभ वर करा."

दार उघडं आहे, हे काकांनी पाहिलं. दारात दर्शना उभी आहे, हेही पाहिलं. आणि त्यांनी जीभ वर केली.